आईची मोहनमाळ आणि अविवाहित ख्रिस्ती स्त्री: मंडळीतील जाणत्यांना एक प्रश्न

प्रश्न: शिक्षिका, सोलापूर

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

मी ३६ वर्षांची आहे, सोलापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि अविवाहित आहे. आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी. गेल्या पावसाळ्यात माझी आई प्रभूमध्ये झोपी गेली. तिची एक मोहनमाळ आणि कुड्या तिने माझ्यासाठी ठेवल्या होत्या. नाताळ, पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आणि जवळच्या नात्यातले लग्नकार्य, एवढ्या तीनच प्रसंगी ती मोहनमाळ घालत असे. यंदाच्या पुनरुत्थानाच्या रविवारी मी प्रथमच ती माळ घातली, आईचीच इरकली साडी नेसले आणि केसांत मोगऱ्याची चार फुले माळली. ही तयारी करताना माझ्या मनात आईची आठवण होती आणि प्रभू उठला आहे याचा आनंद होता. तिसरा कोणताही विचार नव्हता.

उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात मंडळीतील एक वडीलधाऱ्या बाई अत्यंत प्रेमाने माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "लग्न ठरले वाटते! आम्हाला कळवले नाहीस?" मी नाही म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. "मग हे सगळे कशाला गं?" असे त्यांनी विचारले, आणि त्या विचारण्यात राग नव्हता, खरोखरची काळजी होती. दुपारी महिला मंडळातील एका भगिनीने कोणत्याही मजकुराविना केवळ १ पेत्र ३:३ हा संदर्भ (स्त्रियांची शोभा केस, सोने आणि वस्त्रे यांची नसावी असे सांगणारे पवित्र शास्त्रातील वचन) मला मोबाइलवर पाठवला. सायंकाळी मामींचा फोन आला. कोणीतरी काढलेले माझे छायाचित्र त्यांनी पाहिले होते, आणि बायोडेट्याला हेच लावू, जुन्यापेक्षा यात तू उजळ दिसतेस, असे त्यांचे म्हणणे होते.

एकाच दिवशी, एकाच साडीत आणि एकाच माळेत मी एकीला नवरी वाटले, दुसरीला पापाच्या वाटेवर दिसले आणि तिसरीला स्थळासाठी योग्य वाटले. मी उपासनेला आलेली एक विश्वासणारी स्त्री आहे, हे मात्र कोणालाच दिसले नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे आणि ती लिहिल्याशिवाय प्रश्न पूर्ण होणार नाही. मी सावळी आहे. दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रात माझा रंग आमच्या नकळत उजळ करण्यात आला आणि तेच छायाचित्र पुढे गेले. प्रार्थनेने सुरू झालेल्या बघण्याच्या कार्यक्रमात, चहा घेऊन झाल्यावर, मुलाच्या मावशी माझ्यासमोरच म्हणाल्या की ही फोटोतली मुलगी नव्हे. त्यानंतर मी स्थळे पाहणे थांबवले. लग्न करायचेच नाही असा नवस मी केलेला नाही; प्रभूने वाट दाखवली तर मी नाही म्हणणार नाही. परंतु वाट पाहणे हेच माझे जीवन आहे असे मला वाटत नाही. शाळा आहे, शब्बाथशाळेचा वर्ग आहे, वडिलांचे औषधपाणी आहे, आणि या सर्वांत मी सुखी आहे.

माझा प्रश्न असा: नीटनेटके राहणे, सुंदर दिसणे, दागिना घालणे यांविषयी पवित्र शास्त्र जे सांगते ते अविवाहित स्त्रीने कसे समजून घ्यावे? पती नाही आणि पती मिळवण्याचा हेतूही नाही, अशा स्त्रीच्या शोभेला आपल्या मंडळीत काही जागा आहे का? माझ्यासारख्या इतर भगिनींनी हे कसे निभावले, तेही कळले तर फार आधार वाटेल.

उत्तर: निवृत्त परिचारिका

बाळ, तुझा प्रश्न वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. माझे वय ७१ आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी उभ्या केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात मी परिचारिकेचे शिक्षण घेतले, पुढे सोलापुरातच ३४ वर्षे नोकरी केली आणि लग्न केले नाही.

नोकरीत असताना तुझा प्रश्न मला कधी पडला नाही, आणि त्याचे कारण मला निवृत्त झाल्यानंतर समजले. माझ्या अंगावर पांढरा गणवेश होता. रस्त्याने चालताना, बसमध्ये, अगदी चर्चमध्येसुद्धा, रात्रपाळी संपवून थेट आले तर, लोकांना मी कोण ते कळत असे. मला सर्व जण 'सिस्टर' म्हणत. लग्न झालेले नसताना ज्या नावाने आदराने हाक मारता येईल असे ते नाव होते आणि तो गणवेश माझ्या वतीने उत्तर देत होता. ५८ व्या वर्षी तो उतरला. त्यानंतर नाताळच्या आधी मी नव्या पेठेत साडी घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने नेहमीच्या सवयीने विचारले, "कोणत्या कार्यासाठी हवी?" मला उत्तर देता येईना. माझ्या घरी कार्य नव्हते. मी राखाडी रंगाची साडी घेऊन परत आले आणि ती कितीतरी दिवस घडी न मोडता तशीच ठेवली.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील ही अडचण मला फार खरी वाटते. विवाहित स्त्रीच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते, तिच्यात क्रूस ओवलेला असतो, पाहणाऱ्याला कळते. कॅथलिक धर्मभगिनींचा वेश असतो. मदर तेरेसा यांच्या भगिनींची निळ्या काठांची पांढरी साडी सोलापुरातील लहान मूलही ओळखते. आपल्याकडे मात्र लग्न न केलेल्या विश्वासणाऱ्या स्त्रीला स्वतःचा असा कोणताही वेश नाही. तिचा मोकळा गळा हा लोकांना अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखा वाटतो आणि जो तो ते वाक्य आपल्या परीने पूर्ण करतो. तुझ्या मोहनमाळेच्या बाबतीत त्या तिघींनी तेच केले.

आता शोभेविषयी मला हॉस्पिटलने जे शिकवले ते सांगते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई एखाद्या सकाळी "सिस्टर, फणी आहे का?" असे विचारते. ते ऐकले की आम्ही एकमेकींकडे पाहत असू, कारण आता ही बाई उठणार हे आम्हाला कळत असे. भाजलेल्या, टाकलेल्या, पोरांना पारख्या झालेल्या बायकांच्या केसांत मी तेल घातले आहे, जटा सोडवल्या आहेत, वेण्या घातल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही नवरा मिळवायचा नव्हता. देवाने दिलेले शरीर अजून आपले आहे, एवढेच त्यांना जाणवायला हवे होते. चार वर्षांपूर्वी मी स्वतः आजारी होऊन पडले तेव्हा वॉर्डातील एका तरुण मुलीने न सांगता माझी वेणी घातली. त्या दिवशी मी किती रडले ते तुला सांगता येणार नाही. एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या केसांना दुसऱ्याचा हात वर्षानुवर्षे लागत नाही, हे ज्यांच्या घरी माणसे आहेत त्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझे ऐकशील तर ती माळ घाल. आणि रंगाविषयी म्हणशील तर गीतरत्नाचा पहिला अध्याय उघडून ठेव. तिथली वधू यरुशलेमेच्या कन्यांना आपण काळी असूनही सुरूप आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगते. जे वाक्य देवाच्या वचनात आहे, ते म्हणायला आपण का लाजावे?

उत्तर: ग्रामीण मंडळीचा पाळक

आदरणीय ताई, मी सोलापूर जिल्ह्यातील एका लहान मंडळीत पाळक म्हणून सेवा करतो. आपल्याला संदर्भ पाठवला गेला, पण त्याच्यासोबत स्पष्टीकरण आले नाही, याचे मला दुःख वाटले. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१ पेत्र ३ या अध्यायाची सुरुवात पहिल्या वचनापासून वाचावी. प्रेषित तिथे विवाहित स्त्रियांशी बोलत आहे, आणि त्यांतही विशेषतः ज्यांचे पती वचन मानत नाहीत अशा स्त्रियांशी. घरातील अविश्वासी पतीला शब्दांनी नव्हे तर आचरणाने जिंकावे, आणि त्यासाठी केसांच्या गुंफणीवर, सोन्यावर व पोशाखावर विसंबू नये, तर सौम्य व शांत आत्म्याच्या अविनाशी शोभेवर विसंबावे, असा तो सल्ला आहे. मूळ ग्रीकमध्ये सोने घालण्याबरोबर 'वस्त्रे परिधान करणे' एवढेच शब्द आहेत, वस्त्रांना विशेषण नाही. त्यामुळे हे वचन संपूर्ण बंदी म्हणून वाचायचे ठरवले तर वस्त्रेही वर्ज्य करावी लागतील, आणि तसा अर्थ कोणीच करत नाही. प्रेषित दोन शोभांची तुलना करत आहे आणि कोणती टिकते ते सांगत आहे. सौम्य व शांत आत्मा हा उपदेश अर्थातच आपणा सर्वांना लागू आहे, मलाही. परंतु पतीला जिंकण्यासाठी दागिन्यांवर विसंबू नकोस हा सल्ला, जिला पती नाही आणि जी कोणालाही जिंकायला निघालेली नाही, अशा स्त्रीला तिच्या आईच्या माळेवरून पाठवणे म्हणजे पत्र चुकीच्या पत्त्यावर टाकणे होय.

१ तीमथ्य २:९ चा संदर्भ वेगळा आहे आणि तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तिथे उपासनेचाच विषय आहे. स्त्रियांनी ज्यांनी स्वतःला शोभवू नये असे तिथे म्हटले आहे ते गुंफलेले केस, सोने, मोती, मोलवान वस्त्रे ही त्या काळच्या श्रीमंत घरांतील प्रदर्शनाची साधने होती. इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. त्याच्या लगेच आधीच्या आठव्या वचनात पुरुषांनी राग व विवाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करावी असे लिहिले आहे. मंडळीच्या वार्षिक सभेत भांडून थेट उपासनेला बसणाऱ्या बंधूंना ते आठवे वचन कोणी मोबाइलवर पाठवल्याचे मी ऐकलेले नाही. नववे वचन मात्र भगिनींना वारंवार पाठवले जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. १ करिंथ ७ मध्ये पौल अविवाहितांविषयी लिहितो तेव्हा याबाबत आपल्याला प्रभूची आज्ञा नाही, आपण आपले मत देत आहोत, असे तो २५ व्या वचनात प्रामाणिकपणे सांगतो. आणि ३५ व्या वचनात, हे मी तुमच्या गळ्यात फास घालण्यासाठी सांगत नाही, असे म्हणतो. ज्या अध्यायात लग्न न करण्याची इतकी प्रशंसा आहे त्यातच अशी काळजी घेतलेली आहे. अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची काळजी करते, शरीराने व आत्म्यानेही पवित्र व्हावे म्हणून, असे ३४ वे वचन सांगते. तिथे शरीराचा उल्लेख आत्म्याच्या बरोबरीने आला आहे. जे शरीर प्रभूला वाहिलेले आहे ते मळकट ठेवावे किंवा दडवावे, असा अर्थ त्यातून मला काढता येत नाही.

नव्या करारात लग्नाच्या उल्लेखाविना आलेल्या स्त्रियाही आपण मोजत नाही. बेथानीच्या मार्था व मरीया यांच्या पतींविषयी शुभवर्तमानांत एक शब्द नाही. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया स्वतःच्या घराची कर्ती आहे, आणि जांभळे वस्त्र ही त्या काळची अत्यंत महागडी वस्तू होती. पौलाने तिला तो व्यापार सोडायला सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत, असे त्याच पुस्तकात २१:९ मध्ये आहे.

मला एक कबुलीही द्यायची आहे. ११ वर्षांच्या सेवेत मी लग्नावर अनेक प्रवचने दिली, परंतु अविवाहित जीवनावर एकही दिले नाही. तरुणींच्या मेळाव्यांत त्या विषयाला मी स्पर्श केला तोही 'योग्य जोडीदारासाठी वाट पाहणे' एवढ्याच अर्थाने. आपल्या मंडळीतील त्या वडीलधाऱ्या बाईंना आपली माळ पाहून लग्नच आठवले, यात आम्हा पाळकांचा वाटा आहे.

उत्तर: पांढऱ्या साडीतील भगिनी

ताई, मी आपल्याला दुखवण्यासाठी लिहीत नाही. परंतु आतापर्यंतची उत्तरे एका बाजूची झाली आहेत आणि दुसरी बाजू कोणीतरी मनापासून मांडायला हवी.

मी ४१ वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि १४ वर्षांपूर्वी मी दागिने सोडले. मी ज्या सहभागितेत (उपासनेसाठी जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या गटात) जाते तिथे सर्व भगिनी पांढऱ्या साडीत येतात आणि कोणाच्या अंगावर सोने नसते. ही रीत आमच्याकडे दक्षिणेतून आली. केरळातील पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये दागिन्यांचा त्याग ही जुनी परंपरा आहे; श्रीलंकेत १९२०च्या दशकात सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल मिशनचे सेवक आणि सेविका तर अविवाहित राहतात आणि पांढरी वस्त्रे घालतात. वरील परिचारिका बाईंनी लिहिले की आपल्याकडे अविवाहित स्त्रीला वेश नाही. मला तो मिळाला आहे, आणि मी तो आनंदाने घेतला आहे. मला कोणी लग्नाविषयी विचारत नाही, माझा फोटो कोणी मागत नाही.

परंतु मी दागिने सोडले त्याचे मुख्य कारण हे नव्हे. आमच्या वस्तीत बहुतेक बायका विडी वळतात. हजार विड्यांच्या हिशोबावर त्यांचे घर चालते; पाने भिजवणे, कापणे, वळणे यांत दिवस जातो आणि हातांना तंबाखूचा वास कायम राहतो. मी पूर्वी ज्या चर्चमध्ये जात असे तिथे यांतील दोन बायका काही रविवार आल्या आणि नंतर येईनाशा झाल्या. मी घरी जाऊन विचारले तेव्हा एकीने सांगितले, "तिथं समद्यांच्या अंगावर काय ना काय असतंय, आमाला बसाया लाज वाटतीया." त्या वेळी माझ्या कानांत सोन्याच्या रिंगा होत्या. ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण भरपेट जेवत आणि काही उपाशी राहत, तेव्हा ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौलाने विचारले. तो प्रश्न मला माझ्यासाठी विचारलेला वाटला. आज त्यांतली एक बाई माझ्या शेजारी बसते, तिचीही साडी पांढरी असते आणि उपासनेत आमच्या दोघींच्या अंगावर सारखेच असते.

मी ते सोने विकून टाकले. पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, स्त्री-पुरुषांनी नथी, कुंडले आणि अंगठ्या आणून दिल्या; पुढे ३८:८ मध्ये दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले आरसे दिले आणि त्यांचे पितळी गंगाळ बनले असे लिहिले आहे. आरसे देऊन टाकणाऱ्या त्या स्त्रियांविषयी मी पुष्कळदा विचार करते. त्यांना कोणी आज्ञा दिली असे तिथे लिहिलेले नाही.

म्हणून ताई, आपण माळ घालू नये असे मी म्हणत नाही. मात्र तिचा विचार करताना आपल्या मागच्या बाकावर कोण बसले आहे, हेही पाहावे अशी माझी विनंती आहे.

उत्तर: अहिल्यानगरचा वाचक

मी इतिहासाचा शिक्षक असल्याने एका वेगळ्या अंगाने भर घालतो.

अविवाहित ख्रिस्ती स्त्री ही आपल्या मराठी मंडळीला नवी नाही; मंडळीच्या पायाभरणीतच ती आहे. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी नगरमधील त्यांची मुलींची शाळा पाहिली होती आणि त्या भेटीचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः नोंदवला आहे. १८६८ मध्ये बोस्टनमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ स्थापन झाले. अविवाहित स्त्रियांना परदेशी सेवेसाठी पाठवणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. आमची आजी ज्यांना 'मिससाहेब' म्हणत असे त्या या परंपरेतल्या. त्यांचे एकटेपण कोणाला खुपले नाही, कारण त्या परक्या होत्या. त्यांच्याच शाळांत शिकलेल्या मराठी मुलींकडून मात्र एखाद्या ख्रिस्ती मास्तराची किंवा उपदेशकाची गृहिणी होण्याची अपेक्षा ठेवली जाई. एकटे राहून सेवा करण्याचा नमुना डोळ्यांसमोर होता, परंतु तो मराठी मुलींसाठी खुला मानला गेला नाही, आणि ते ओझे अजून उतरलेले नाही असे आपल्या पत्रावरून दिसते.

याला सर्वांत मोठा अपवाद पंडिता रमाबाई. १८५८ मध्ये जन्म, १८८० मध्ये विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, आणि त्यानंतर १९२२ पर्यंतची ४० वर्षे पतीविना. ज्या समाजात पती गेलेल्या स्त्रीचे केस उतरवणे हा घरादाराचा निर्णय असे, त्या समाजातून त्या आल्या होत्या. स्त्रीने कसे दिसावे हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा अर्थ त्यांना पुरेपूर माहीत होता, म्हणून पुढील गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर क्रूस घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यावरील अक्षरे लॅटिन का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी आपल्या धर्ममातेसमान असलेल्या इंग्रज धर्मभगिनी जेराल्डिन यांना पत्रातून स्पष्टपणे विचारला. क्रूसाला त्यांचा विरोध नव्हता. परंतु आपल्या गळ्यात जे असेल ते आपल्याला वाचता यावे, आपल्या मातीचे असावे, एवढा त्यांचा आग्रह होता. उपलब्ध छायाचित्रांत त्या आखूड केसांत आणि साध्या पांढऱ्या साडीत दिसतात. वरील भगिनींच्या साडीशी तिचे साम्य आहे, परंतु ती कोणी नेसवलेली नव्हती.

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथेच आहे. ताईंनी कधी सवड काढून तिथे जावे असे सुचवतो.

पुन्हा प्रश्नकर्ती: शिक्षिका, सोलापूर

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सर्व उत्तरे मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. फणीचा प्रसंग ऐकताना ते उठून गॅलरीत गेले. आईच्या शेवटच्या महिन्यात तिची वेणी तेच घालत असत.

पांढऱ्या साडीतील भगिनींना मला विशेष उत्तर द्यायचे आहे. आपले लिहिणे मला बोचले, आणि ते बोचायला हवे होते. माझ्या वर्गातील कितीतरी मुलींच्या आया विडी वळतात, आणि पालकसभेला येताना त्या दाराशीच उभ्या राहतात. मागच्या बाकावर कोण बसले होते ते मी त्या रविवारी पाहिले नाही, हे खरे आहे. परंतु मी असाही विचार केला की आईने ही माळ वर्षातून तीनदा घातली आणि उरलेले सर्व रविवार ती सुती साडीत, काचेच्या बांगड्यांत आली. तिच्या शेजारी बसायला कोणाला लाज वाटली असेल असे मला वाटत नाही, कारण उपासनेनंतर ती सर्वांत आधी मागच्या बाकाकडेच जात असे. मला आईची माळ ठेवायची असेल तर तिचे ते चालत जाणेही घ्यावे लागेल. आपण आपले सोने दिलेत. तेवढे बळ आज माझ्यात नाही, आणि मी ते आहे असे दाखवणार नाही.

पाळकसाहेबांनी दाखवलेले तीमथ्याचे आठवे वचन आणि १ पेत्राचे पहिले वचन मी त्या भगिनीला पाठवले नाही. मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली की तिच्या लग्नात तिला सासरच्या मंडळीने दागिने उतरवायला लावले होते आणि तेच वचन तिला तेव्हा सांगण्यात आले होते. ती बोलत असताना तिची नजर सारखी माझ्या मोकळ्या गळ्याकडे जात होती. आम्ही दोघींनी तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. तिने काही मान्य केले, काही केले नाही, आणि पुढच्या महिन्यात महिला मंडळात हा अध्याय आम्ही दोघींनी मिळून घ्यावा असे तिनेच सुचवले.

मामींना मात्र मी स्पष्ट सांगितले की ते छायाचित्र कोणालाही पाठवू नये. त्या नाराज आहेत.

परिचारिका बाई, आपण सोलापुरातच आहात हे वाचून मला फार आनंद झाला. आपली हरकत नसेल तर या मंचावरून मला निरोप पाठवा. ती राखाडी साडी अजून घडीतच असेल तर पेंटेकॉस्टच्या रविवारी आपण ती नेसून आमच्या मंडळीत यावे, आणि त्याआधी सकाळी आमच्या घरी, म्हणजे आपली वेणी मला घालता येईल. त्या दिवशी मी माळ घालणार आहे. तिचा फासा ढिला झाला होता, म्हणून ती सराफाकडे दिली आहे, शनिवारी मिळेल.